बाबांच्या ४२ कॅसेटी कंप्युटरवर घ्यायच्या आहेत – झडत्या, भुलाबाई, भजनं (मदत हवी)

भोंगेवाला

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. बाबांचा गावात भोंग्याचा धंदा होता. एक अँप्लिफायर, दोन भोंगे, दोन माइक आणि लाइन नसेल तिथं न्यायला जनरेटर. लग्न असो, सप्ताह असो की पोळा, बाबा भोंगा बांधायला गेले की सोबत एका स्पीकरचा टेपरेकॉर्डर न्यायचे आणि कोपऱ्यात चालू करून ठेवायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळत नव्हते. आवड म्हणून करायचे.

यंदा पावसाळ्याआधी जुन्या घरावरचे कवेलू फेरायला काढले तेव्हा माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत ४२ कॅसेटी, ३१ सी-६० (तासाभराच्या) आणि ११ सी-९० (दीड तासाच्या). बहुतेकींवर बाबांच्या अक्षरात निळ्या पेनानं लिहिलंय: ‘पोळा, मारुतीचा पार, झडत्या’, ‘भुलाबाई, खालचा मोहल्ला’, ‘सेवा मंडळ, प्रार्थना व भजन’, ‘डहाका’. (बाहेरच्यांसाठी: झडत्या म्हणजे पोळ्याला म्हणायच्या टोमणेबाज कविता, भुलाबाई म्हणजे पोरींच्या सणाची गाणी, सेवा मंडळ म्हणजे तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारं मंडळ, डहाका म्हणजे त्या वाद्यावरची गाणी.) काहींवर साल आहे, १९८८ ते १९९९. सात कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही.

मी घाई केली. ऑनलाइन एक छोटं यंत्र मागवलं, वॉकमनसारखं; लॅपटॉपला लावलं की थेट फाइल तयार होते असं त्यावर होतं. पहिलीच कॅसेट टाकली, झडत्यांची. दोन मिनिटं वाजली आणि फीत आत गुरफटली. सोडवता सोडवता वीतभर फितीला चुण्या पडल्या. तेव्हापासून पेटीला हात लावायची हिंमत होत नाही. त्या झडत्या म्हणणाऱ्यांपैकी आज दोघंच आहेत.

हे काम नीट कसं करायचं ते सांगा. गावातली अर्धी पोरं पुण्याला, सुरतला आहेत. त्यांना घरबसल्या ऐकता यावं अशी इच्छा आहे.

जुना_मेकॅनिक

दादा, आधी ते यंत्र बाजूला ठेवा. मी अकोल्यात पस्तीस वर्षं रेडिओ-टेपची दुरुस्ती केली. असल्या यंत्रांत मोटर हलकी असते, फ्लायव्हील नावापुरतं. वेग डुलतो, आणि गुंडाळणारी चकती जरा अडली की फीत रबरी रोलरभोवती जाते. तुमचा त्यात दोष नाही.

आज रात्रीच एक काम करा. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर दोन्ही कोपऱ्यांत प्लास्टिकचे बारीक तुकडे असतात. ते मोडून टाका. मोडले की रेकॉर्डचं बटन दाबलंच जात नाही. चुकून प्लेसोबत रेकॉर्ड दाबून आईबापाचा आवाज पुसून बसलेली माणसं माझ्या दुकानात येऊन रडलेली आहेत. एकदा पुसलं की कुठल्याही मेकॅनिकच्या हातात काही राहत नाही.

मग एक जुना, वजनदार डेक शोधा, ज्याला मागे लाइन आउट आहे. तालुक्याला जुन्या दुकानात नाही मिळाला तर नागपूरला सीताबर्डीत चौकशी करा. मिळाला की बेल्ट आधी बदला. तीस वर्षांत बेल्ट एकतर सैल पडतो, नाहीतर डांबरासारखा पाघळून पुलीला चिकटतो. हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आणि त्याच्या शेजारची बारीक लोखंडी दांडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. कापसाची काडी तपकिरी निघेल, पांढरी निघेपर्यंत पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल जास्त लावू नका, रबर कडक होतं. त्याला ओलसर कापड पुरे.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एका जागी दाबून राहिलेली फीत त्यानं मोकळी होते. जड फिरत असेल तर मोटरवर जोर टाकू नका, पेन्सिल घालून हातानं फिरवा. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असते, तिला विशेष जपा.

आता मुख्य गोष्ट, जी कुणी सांगत नाही. तुमच्या बाबांच्या रेकॉर्डरचं हेड ज्या कोनात बसवलेलं होतं, त्याच कोनात तुमच्या डेकचं हेड असेल असं नाही. कोन जुळला नाही की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगचा एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, दोन्ही चॅनल एकत्र करून हेडफोनवर ऐका आणि तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवा. एका जागी झांज, टाळ, ‘स’ आणि ‘श’ एकदम उघडतील. तिथं थांबा. हे प्रत्येक कॅसेटला नव्यानं करायचं. पाच मिनिटं जातात, पण मागाहून कंप्युटरवर पाच तास घालवूनही तो खुलेपणा येत नाही.

चुण्यांची कॅसेट वाजवू नका. तिचं नंतर बघू. आणि फीत तुटली तर सेलोटेप अजिबात लावायचा नाही. त्याचा गोंद पाघळून वरच्या-खालच्या थराला धरतो.

वऱ्हाडी_गडी

भाऊ, मी अचलपूरकडचा. आमच्या घरी बी अशीच पेटी होती, गोठ्यावरच्या माळ्यावर. वरून पाणी झिरपलं अन् कॅसेटीले बुरा लागला, म्हंजे बुरशी. खिडकीतून फितीच्या कडेले पांढरे ठिपके दिसत होते, पण मले तवा काय समजते? मी तशीच लावली. तिच्यामागून चांगली कॅसेट लावली तं ते बी घाण झाली, काऊन का हेडले सारा बुरा चिकटला होता. मायच्या माहेरची गाणी होती तिच्यात.

तुमच्या ४२ मधून ज्यायले ठिपके असन त्या अलग पिशवीत टाका, सगयात शेवटी घ्या. तोंडाले दुपट्टा बांधा, ते धूळ छातीत जाते. अन् पेटी आता माळ्यावर नका ठेवू बाप्पा. मे महिन्यात कवेलूखाली भट्टी होते अन् श्रावणात ओल. खालच्या खोलीत, कोरड्या जागी, उभ्या ठेवा.

खंजिरी

मी तिवसा तालुक्यातली, मोझरीपासून आमचं गाव जवळच. आमच्या महिला भजन मंडळाच्या १८ कॅसेटी होत्या. चार वर्षांपूर्वी मी त्या शहरातल्या एका दुकानात दिल्या. त्यांनी सीडी करून दिली. घरी आणून लावली आणि मला काही कळेचना, काहीतरी हरवलं होतं. आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती, पण भजन बसल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर लक्षात आलं: खंजिरी गेली होती. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण फितीच्या खरखरीच्याच पट्ट्यात येते. दुकानदारानं खरखर काढायचं बटन जोरात फिरवलं, त्यात खंजिरी पुसली गेली. बायांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे झाले होते. मूळ फाइल मागितली तर ती ठेवलीच नव्हती. पाच कॅसेटी परत आल्याच नाहीत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरी म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून भोंगेवाला भाऊ, दुकानात देऊ नका, स्वतः करा. उरलेल्या १३ मी नंतर स्वतःच केल्या, भाच्याला सोबत घेऊन. पहिली फाइल जशी उतरली तशी ठेवायची, तिच्यावर काहीही करायचं नाही. जे काही कमी-जास्त करायचं ते तिच्या नकलेवर. थोडी खरखर राहू द्या. कान दोन मिनिटांत सरावतो.

रात्रपाळी

कंप्युटरची बाजू मी सांगतो.

आजच्या लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं आणि त्यातलं इनपुट माइकसाठीचं, एकाच चॅनलचं. डेकची वायर त्यात थेट घालू नका, आवाज फाटतो. लाइन इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. आवाज भरायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, तेच वापरा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. भजनाच्या शेवटी सगळे एकदम चढतात, तिथं हमखास फाटतं, म्हणून पातळी आधी त्या जागी ठरवा आणि मग सुरुवातीपासून घ्या.

हिशेब: कॅसेट जेवढी, वेळ तेवढाच. तुमच्या ४२ कॅसेटी म्हणजे साडेसत्तेचाळीस तास नुसतं वाजवणं. स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १७ एमबी घेते, सी-६० ला १ जीबी धरा, सगळं मिळून ५० जीबीच्या आत. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. गावात पाठवायला १२८ केबीपीएसची एमपी३ करा, सगळं मिळून पावणेतीन जीबी होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं.

रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, गुणगुण जाते. कॅसेटच्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. फाइलला नाव देताना आधी कॅसेटचा नंबर, मग बाजू, मग विषय. ‘नवीन १’, ‘नवीन २’ असं ठेवलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाच ओळखू येणार नाही.

भोंगेवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. पाठीवरचे प्लास्टिकचे तुकडे मोडले. चार कॅसेटींना बुरा आहे, त्या वेगळ्या काढल्या. डेक मिळाला, पुसदच्या एका काकांकडे पडून होता, बेल्ट बदलून घेतला. तो हेडचा स्क्रू फिरवला तेव्हा जे झालं ते लिहून सांगता येत नाही. भजनाच्या मागे कुठंतरी बैलाच्या गळ्यातल्या घाट्या वाजत होत्या, त्या आधी ऐकूच येत नव्हत्या.

आता एक अडचण. सेवा मंडळाची १९९१ ची कॅसेट आहे. तिच्यात सगळे घाईघाईनं, बारीक आवाजात म्हणतात. बाजू संपेपर्यंत आणखी बारीक होत जातं. डेकचा वेग जास्त आहे का? बाकीच्या कॅसेटी बरोबर वाजतात.

जुना_मेकॅनिक

डेक ठीक आहे. त्या दिवशी रेकॉर्डरचे सेल उतरत होते. सेल उतरले की रेकॉर्डर हळू चालतो, आणि हळू भरलेली फीत बरोबर वेगानं वाजवली की आवाज चढतो. सेल जसे उतरत गेले तसा चढ वाढत गेला. म्हणून सबंध बाजूला एकच दुरुस्ती चालणार नाही.

एरवी मी सांगितलं असतं की अँप्लिफायरची गुणगुण शोधा. आपल्याकडची लाइन ५० हर्ट्झची, ती ५३ वर दिसली तर तेवढा वेग जास्त. पण तुम्ही म्हणता भोंगा जनरेटरवरही चालायचा. जनरेटरवर लोड बदलला की तो आकडाही हलतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. भजनात पेटी (हार्मोनियम) आहे का? ती पेटी अजून आहे का?

भोंगेवाला

आहे. देवळातच आहे.

जुना_मेकॅनिक

मग झालं काम. पेटीवाल्याला विचारा, ते कुठल्या पट्टीत वाजवायचे. तीच पेटी शेजारी घेऊन तोच सूर दाबा आणि टेपशी ताडून बघा. दुसरी पेटी नको, तीच हवी. जुन्या पेट्यांचे सूर थोडे इकडे-तिकडे असतात.

भोंगेवाला

काल संध्याकाळी देवळात बसलो. आमच्या मंडळाचे पेटीवाले काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. हात थरथरतो, पण विचारल्याबरोबर म्हणाले, “काळी दोन. दुसरं कुठलं असणार?” लॅपटॉपवर भजन लावलं आणि त्यांनी काळी दोन दाबली. टेप वर होती. त्यांनी बोट हळूच सरकवून पुढची पांढरी दाबली आणि ती बरोबर लागली. म्हणजे अर्धा सूर, साधारण ६ टक्के वेग जास्त. बाजूच्या सुरुवातीला एवढा फरक नव्हता, शेवटाकडे तो इथवर आला होता. ऑडॅसिटीत स्लायडिंग स्ट्रेच म्हणून आहे, त्यानं सुरुवातीपासून शेवटापर्यंत हळूहळू उतरवत आणलं.

दुरुस्त केलेलं लावलं. काकांनी डोळे मिटले आणि चौथ्या ओळीला पेटी धरली. टेपमधल्या स्वतःच्या पेटीबरोबर. आम्ही कुणी बोललो नाही.

खंजिरी

भाऊ, हे वाचून मी भाच्याला फोन केला. आमच्याही दोन कॅसेटी अशाच चढलेल्या आहेत, आम्ही समजत होतो की त्या काळी बाया उंच पट्टीत म्हणत.

काळाकोट

भोंगेवाला, नेटवर टाकण्याआधी दोन-तीन गोष्टी. मी नागपुरात वकिली करतो.

झडत्या, भुलाबाईची परंपरेनं आलेली गाणी यांचा कुणी एक कर्ता नाही, शब्दांचा प्रश्न येत नाही. पण सेवा मंडळाच्या भजनांचे शब्द तुकडोजी महाराजांचे. महाराज १९६८ ला गेले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत. ती भजनं जाहीर टाकण्याआधी रीतसर परवानगी मागा. घरी, मंडळात ऐकायला अडचण नाही.

गाणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क असतो, सादर केल्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. १९९६ मध्ये ज्या बाईनं गायलं, तिचा हक्क २०४६ अखेरपर्यंत. टेप बाबांनी भरली म्हणून आवाज त्यांचा होत नाही. आणि लग्नाच्या टेपमध्ये मागे भोंग्यावर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर तो तुकडा वगळा.

माय_माती

कायद्याचं वकीलसाहेबांनी सांगितलं, मी दुसरं सांगते. मी वर्ध्याकडची, शाळेत शिकवते, बायांची गाणी गोळा करते.

भुलाबाई म्हणजे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरींचं राज्य. त्या गाताना बाप्या माणसांचा वावर नसायचा. रेकॉर्डर कोपऱ्यात चालू आहे हे त्या पोरींना माहीत होतं का? त्या आता पन्नाशीच्या आहेत, दुसऱ्या गावी नांदतात. त्यांना आधी ऐकवा, मग विचारा. लग्नातल्या टेपमध्ये विहिणीला म्हटलेली गाणी असतील तर अधिक जपून. मांडवात चालतं ते जगाला ऐकवायचं की नाही हे त्या बाईनं ठरवायचं. आणि झडत्यांत तर नावं घेऊन टोमणे मारलेले असतात. सावकाराला, पाटलाला, कुणाच्या कंजूषपणाला. ती घरं अजून गावात आहेत.

नेटवर टाकाल तेव्हा गाणारीचं नाव तिला हवं असेल तर जरूर लिहा. ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे, गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामातून उभा राहिलेला, लाखाहून जास्त ओव्यांचा. तिथं ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. आपल्याकडं ‘पारंपरिक’ एवढं लिहून मोकळे होतात आणि बाई नाहीशी होते. तसं करू नका.

वऱ्हाडी_गडी

ताई, लाख बोलल्या. माही माय गायची, पण तिचं नाव कोठीच लिहून नाही.

भोंगेवाला

ताई, तुमचं वाचलं आणि दोन दिवस काही अपलोड केलं नाही. मग रविवारी आमच्या ओसरीवर बायांना बोलावलं. नऊ जणी आल्या, दोघी बाहेरगावाहून. भुलाबाईची १९९३ ची टेप लावली. पहिल्या गाण्याला कुणी कुणाला ओळखेना. दुसऱ्या गाण्यात खाऊ ओळखायचा भाग आला आणि एक पोरगी टेपमध्ये ओरडून म्हणाली, “मुरमुऱ्याचा चिवडा!” समोर बसलेल्या काकू एकदम म्हणाल्या, “अगं, ही तर मी!” त्यानंतर मी वही घेतली आणि कुठल्या मिनिटाला कोण हे लिहीत गेलो. तासाभराच्या टेपमध्ये अकरा आवाज लागले. तीन आता नाहीत.

आठ जणी हो म्हणाल्या. एका काकूंनी लग्नाच्या टेपमधली त्यांची गाणी बाहेर द्यायची नाही असं सांगितलं. ती आम्ही हार्ड डिस्कवर ठेवली, वर ‘घरापुरतं’ लिहून. झडत्यांच्या दोन कॅसेटींत तीन घरांची नावं येतात. दोन घरं हसली आणि हो म्हणाली. तिसऱ्या घरी मी अजून गेलो नाही.

जे ठरलं ते इंटरनेट अर्काइव्हवर टाकतो आहे. तिथं खातं मोफत आहे, वेव्ह टाकली की ऐकायला एमपी३ तेच तयार करतात, आणि खाली सविस्तर लिहिता येतं. गाव, सण, साल, आवाज कुणाकुणाचे, रेकॉर्डिंग कुणाचं. शेवटच्या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं.

३१ कॅसेटी झाल्या. बुऱ्याच्या चार, लेबल नसलेल्या सहा आणि ती चुण्यांची राहिली. लेबल नसलेल्या सातपैकी एक काल घेतली. तिच्यात डहाका निघाला, पण दहा मिनिटांनी आवाज खोल जातो, पुन्हा येतो. कॅसेट उघडून पाहिली तर फितीमागचं कापडी बोंडकं गळून पडलेलं. फेविकॉलनं चिकटवू का?

जुना_मेकॅनिक

फेविकॉल नको. ते फेल्टचं पॅड असतं, फितीला हेडवर दाबून धरतं. जागेवरून जरा हललं तरी असाच आवाज येईल. माझ्याकडे जुन्या कॅसेटींतून काढून ठेवलेली पत्तीसकट पॅडं आहेत.

मी गुरुवारी कारंज्याला भाचीकडे येतो आहे. तिथून दारव्हा दूर नाही. पॅडं, फीत जोडायची खास पट्टी आणि कॅसेटची स्क्रूवाली दोन रिकामी खोकी घेऊन येतो. चुण्यांची कॅसेट त्यात बसवू आणि पुढच्या भागापासून आधी वाजवू, चुण्यांचा तुकडा शेवटी. त्या दोघा झडतीवाल्यांना निरोप देऊन ठेवा.